डावा घोडा

जुन्या विलायती दुनळी बंदुकीचा स्पेअर पार्ट नावाची वस्तू कधी अस्तित्वातच नव्हती. वाक्य जरा भडक वाटेल, पण चार-पाच महिन्यांचे शनिवार-रविवार या विषयात घातल्यावर माझं मत पक्कं झालंय. एकोणिसाव्या शतकातल्या शिकारी बंदुकीचा एखादा भाग तुटला तर तो "आणायचा" नसतो, बनवायचा असतो. आणि बनवून झाल्यावर त्याच्यावर नक्षी कोरायची का, कोरली तर जुन्यासारखी की नव्यासारखी, यावरून घरात वाद होऊ शकतात. आमच्याकडे झाले.

विषय कुठून आला ते थोडक्यात सांगतो. आईचे वडील लालबागला राहायचे, परळच्या एका गिरणीत फिटर होते. गाव कणकवलीच्या पुढे. गावच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर एक १२ बोअरची दुनळी आहे, आधी आजोबांच्या नावावर होती, आता मामाच्या. दोन नळ्या, बाहेरच्या बाजूला दोन घोडे, आणि लॉकप्लेटवर कोरलेलं नाव: आर्मी अँड नेव्ही. तिचा डावा घोडा मानेत मोडला. मामी म्हणाली, ठाण्यात जमा करून टाका, दर पाच वर्षांनी परवान्याच्या फेऱ्या तरी वाचतील. मामाचं उत्तर खास मालवणी: "घोडो नाय तर ती बंदूक कसली? काठी ती." म्हणजे दुरुस्त करायची. मुंबईत राहणारा आणि गुगल वापरता येणारा भाचा म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

आधी शब्दांचं बघू, कारण मला स्वतःला यातलं निम्मं माहीत नव्हतं. घोडा म्हणजे जो मागे ओढून सोडला की पुढे आदळतो तो. चाप म्हणजे बोटाने दाबायचा तो. लाकडी भाग तो दस्ता. काडतूस आणि पिस्तूल हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, म्हणजे आपल्या बटाटा-पावाचेच सख्खे भाऊ. आणि १२ बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या १२ गोळ्या केल्या, तर त्यातल्या एका गोळीचा जो व्यास येईल तो नळीचा व्यास. साधारण साडेअठरा मिलिमीटर. २० बोअर १२ पेक्षा बारीक का, याचं उत्तर इथे आहे. (हे कळलं तेव्हा मी ऑफिसात चार जणांना सांगून बोअर केलं. सॉरी.)

आता मूळ मुद्दा. एका बंदुकीचा भाग दुसरीला बसला पाहिजे, ही कल्पना जुनी आहे. १७८५ साली ओनोरे ब्लांक नावाच्या फ्रेंच बंदूक कारागिराने ५० लॉक सुटे करून त्यांचे भाग वेगवेगळ्या ढिगांत ठेवले होते. थॉमस जेफरसन तेव्हा फ्रान्समध्ये अमेरिकेचे वकील होते. त्यांनी हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः काही लॉक जोडून पाहिले, आणि ते जुळले. जेफरसननी हे सगळं पत्राने मायदेशी कळवलं. पुढे अमेरिकेच्या सरकारी कारखान्यांनी या कल्पनेवर अर्धं शतक काम केलं. १८५० च्या दशकात इंग्रजांनी अमेरिकेतून यंत्रं आणून एन्फिल्डला तसाच कारखाना उभा केला. ज्या एन्फिल्डच्या काडतुसावरून १८५७ चा वणवा पेटला ती रायफल लवकरच या यंत्रांवर निघायला लागली. म्हणजे शिपायाच्या रायफलीला सुटे भाग मिळायला लागले होते.

साहेबाच्या शिकारीच्या बंदुकीला मात्र ते मिळाले नाहीत, आणि तिथल्या कारागिरांना त्याची गरजही वाटली नाही. बर्मिंगहॅमचा "गन क्वार्टर" म्हणजे आपल्या धारावीसारखा गल्ल्यांचा कारखाना. एक जण फक्त नळ्या जोडणार, दुसरा फक्त लॉक कानसणार, तिसरा दस्ता बसवणार, चौथा नक्षी कोरणार. लॉक तर बऱ्याचदा शेजारच्या वुल्व्हरहॅम्प्टनहून यायचे. प्रत्येकाच्या हातात कानस आणि समोर दिव्याची काजळी. एका भागाला काजळी फासायची, दुसऱ्यावर दाबायचा, जिथे काळं लागेल तिथे कानस मारायची. असं दहा, वीस, पन्नास वेळा, काळा डाग सगळीकडे सारखा उठेपर्यंत. मग त्या दोन भागांचं जन्माचं लग्न लागलं. त्याच गल्लीत त्याच आठवड्यात बनलेल्या दुसऱ्या बंदुकीचा घोडा आणलात तर तो बसत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेसचं कुठे डॉक्युमेंटेशनच नाही, प्रत्येक कॉपी हाताने पॅच केलेली.

"फिटर" या शब्दाचा अर्थ मला इथे पहिल्यांदा लागला. भाग आपोआप बसत नाहीत म्हणून ते बसवणारा माणूस लागतो, तो फिटर. आजोबांच्या गिरणीतली सूत काढायची यंत्रं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची होती. मोठ्या गिरण्यांचं स्वतःचं वर्कशॉप असायचं आणि यंत्राचा विलायती भाग झिजला की तो तिथेच घडवला जायचा. जानेवारी १९८२ च्या संपानंतर ते सगळं कौशल्य कुठे कुठे पांगलं हा वेगळा लेख आहे, आज नको.

आमच्या बंदुकीवरचं नाव सुद्धा फसवं आहे. आर्मी अँड नेव्ही हा बंदूक बनवणारा कारखाना नव्हता. १८७१ साली लंडनमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी काढलेली ती सहकारी सोसायटी. अपना बाजारचं साहेबी रूप म्हणा ना. टूथपाऊडरपासून तंबूपर्यंत सगळं जाडजूड कॅटलॉगमधून मिळायचं, त्यात बंदुकाही असायच्या. त्या बनवायचे दुसरेच, बऱ्याचशा बर्मिंगहॅमचे, आणि नाव कोरलं जायचं सोसायटीचं. आजच्या "प्रायव्हेट लेबल" सारखं. १८९१ मध्ये सोसायटीने मुंबईला दुकान काढलं. काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शनच्या शेजारची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग ती हीच. मी कॉलेजात असताना तिच्या समोरून शंभर वेळा गेलो असेन, आत कधी काळी बंदुका विकल्या जात असतील असं डोक्यातही आलं नाही.

त्या दुकानातून गिरगावातला एखादा सदाशिवराव उठून बंदूक घेऊ शकला असता का? अवघड होतं. १८७८ साल मराठी माणसाला व्हर्नाक्युलर प्रेस अ‍ॅक्टमुळे माहीत असतं. त्याच वर्षी त्याच लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रांचा कायदाही झाला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, गोऱ्यांना बहुतांशी सूट. वृत्तपत्रांचा कायदा रिपनने तीन-चार वर्षांत रद्द केला. शस्त्रांचा कायदा मात्र १९५९ चा नवा कायदा येईपर्यंत चालू राहिला. गोऱ्यांची सरसकट सूट पहिल्या महायुद्धानंतर गेली तेवढाच काय तो बदल. काँग्रेसने अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव केले होते, पण शाळेच्या इतिहासात लिटनच्या नावावर फक्त वर्तमानपत्रं येतात. मला हे जरा सोयीस्कर विसरणं वाटतं. असो.

आता घोडा मिळवण्याचे मार्ग. कागदावर तीन आहेत.

पहिला, दुसऱ्या निकामी बंदुकीचा काढून लावणे. तो बसणार नाही हे वर आलंच आहे. पण समजा मटन स्ट्रीटला चोर बाजारात ग्रामोफोनच्या भोंग्यांमागे एखादा सुटा घोडा दिसला, तर घेऊ का? नका घेऊ. १९५९ च्या कायद्यात "शस्त्र" या शब्दात शस्त्राचे भागही येतात. कलम ४५ मध्ये किरकोळ सुट्या भागांना सूट आहे, पण अट अशी की ते भाग जुळणाऱ्या दुसऱ्या भागांबरोबर वापरायचा इरादा नसावा. म्हणजे तोच लोखंडाचा तुकडा शोकेसमध्ये पेपरवेट म्हणून ठेवलात तर सूट, आणि घरच्या दुनळीला लावायचा म्हणून घेतलात तर प्रकरण परवान्याचं. वस्तूपेक्षा मनातल्या हेतूवर ठरणारा कायदा. मला तो वाचून आधी हसू आलं, मग विचार केल्यावर पटला सुद्धा.

दुसरा मार्ग, इंग्लंडहून मागवणे. तिकडे जुन्या घोड्यांची ओतीव कच्ची रूपं विकणारे लोक अजून आहेत. घ्यायची आणि कानसून बसवायची. पण आयातीला कलम १० खाली परवाना लागतो, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी बंदुकांची आयात जवळजवळ बंदच आहे. देशात ज्या जुन्या विलायती बंदुका आहेत त्याच हातोहात फिरत असतात.

राहिला तिसरा मार्ग. पोलादाचा ठोकळा घ्यायचा आणि त्यात घोडा नाही असा भाग काढून टाकायचा. हेही कुणी करायचं ते ठरलेलं आहे. दुरुस्ती हा शब्द कलम ५ मध्ये स्पष्ट आहे, तिला परवानाधारकच लागतो. ओळखीच्या लेथवाल्याकडे जाऊन "जरा एवढं करून दे" चालत नाही. फोर्टातल्या एका परवानाधारक दुकानाचे म्हातारे मिस्त्री तयार झाले. बंदूक रीतसर कागदपत्रांसह मामानेच आणली आणि पावती करून दुकानात ठेवली. मी फक्त बघ्या.

मिस्त्रींनी बंदूक हातात घेतल्यावर मोडलेल्या डाव्या घोड्याकडे बघितलंच नाही, उजव्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "साहेब, जोडीचा शाबूत आहे ना, मग नकाशा मिळाला." दोन घोडे म्हणजे आरशातली जोडी. उजव्याची मापं घ्यायची आणि उलटी करायची. ऐकायला सोपं. घोडा लॉकच्या आतल्या फिरत्या भागाच्या चौकोनी टोकावर बसतो आणि मधोमध एक स्क्रू. त्या चौकोनी भोकाचा कोन जरा चुकला तर डावा घोडा उजव्यापेक्षा मागे किंवा पुढे उभा दिसतो. बाजूने बघितलं की दोन घोडे एकमेकांच्या मागे लपले पाहिजेत. मिस्त्री हे भोक दोन दिवस करत होते. पुन्हा तीच काजळी, तीच कानस. डिजिटल कॅलिपर दुकानात होता, कव्हरमध्ये.

नंतर नक्षी. या बंदुकीवर बारीक विलायती स्क्रोल आहे. आपल्या वेलबुट्टीची लांबची बहीण समजा, पण पानं-फुलं नाहीत, नुसती गोल गोल वळणं, एकात एक. घोड्याच्या मागच्या शेपटीवर आडव्या-उभ्या चिरा. त्या शोभेच्या नाहीत, घामट अंगठा घसरू नये म्हणून. स्क्रूच्या डोक्यावर सुद्धा नक्षी आहे आणि ती भोवतालच्या नक्षीला जुळते. त्यामुळे स्क्रू नेमक्या एकाच जागी येऊन घट्ट व्हावा लागतो. अर्धा फेरा कमी-जास्त झाला की वेल तुटली. चांगल्या बंदुकीच्या सगळ्या स्क्रूंच्या खाचा नळीच्या दिशेने एका रेषेत असतात. कुणीतरी आधी दुरुस्ती केली आहे का हे जाणकार तिथूनच ओळखतात.

जुन्या नक्षीची नक्कल कशी करतात? चिरांमध्ये शाई भरायची, वरून पुसायची, पातळ कागद दाबून ठसा उचलायचा. कागदावर तो उलटा उमटतो. नेहमीच्या कामात ही अडचण असते, सुलटा करायला आणखी एक ठसा घ्यावा लागतो. इथे मात्र उजव्या घोड्याचा उलटा ठसा म्हणजेच डाव्या घोड्याचं चित्र. फुकटात मिररिंग! मी इतका खूश झालो की मिस्त्रींनी चहा सांगितला.

पोलादावर उलटं कोरण्याचं काम मुंबईत नवीन नाही. फोर्टापासून वीस-पंचवीस मिनिटं चालत कोलभाट गल्लीत जा. जावजी दादाजींनी १८६४ साली टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायचं काम केलेला हा माणूस. त्यांच्यासाठी अक्षरांचे ठसे कोरायचे राणोजी रावजी आरू. पोलादी कांडीच्या टोकावर एक अक्षर, आरशात दिसेल तसं, कोरायचं. मग पोलादाला पाणी द्यायचं. कडक झालेला ठसा तांब्यावर ठोकला की मातृका तयार, आणि मातृकेत शिसं ओतलं की खिळा. एकदा "ळ" नीट कोरला गेला की हवे तितके "ळ" सारखेच. झिजला, फेकून द्या, नवा ओता. आपल्या आजे-पणज्यांनी वाचलेल्या पोथ्या आणि काव्यं अशाच खिळ्यांनी छापली गेली. बंदुकीच्या नक्षीवाल्याचं हत्यार जवळजवळ तेच आणि सफाईही त्याच तोडीची, पण त्याने कोरलेला एक तुकडा म्हणजे एकच तुकडा. आरूंच्या कामात स्पेअर पार्टची सोय आधीच धरलेली, याच्या कामात ती शक्यच नाही. दोघांत मोठा कारागीर कोण हे ठरवायची मला गरज वाटत नाही, पण परवडणारा कोण ते उघड आहे.

घरातला खरा वाद इथे सुरू झाला. मामाला नवा घोडा चकचकीत हवा होता आणि "आता करतोच आहोत तर" उजव्याचीही झिजलेली नक्षी उकरून ताजी करून घ्यायची होती. शक्य असतं ते. पण हे भाग मुळात हाडांच्या कोळशात पुरून तापवून पाण्यात विझवलेले, वरचं कवच काचेसारखं कडक. त्यावर छिन्नी चालत नाही. आधी तापवून मऊ पाडायचे, कोरायचे, पुन्हा कडक करायचे, आणि त्या दोन तापवण्यांत भाग वाकला तर सव्वाशे वर्षांचं फिटिंग गेलं. माझा विरोध त्याहून साध्या कारणासाठी होता. उजव्या घोड्याची नक्षी झिजली आहे ती अंगठ्याने. कुणाच्या तरी आणि नंतर आजोबांच्या. ती खरवडून नवी करायची म्हणजे जुन्या मंदिराला ऑइल पेंट फासण्यातला प्रकार.

उलट बाजूने, डावा घोडा मुद्दाम घासून, रसायनं लावून "म्हातारा" करायलाही माझा नकार होता. काही लोक हे इतकं बेमालूम करतात की विकणाऱ्यालाही कळत नाही, आणि मग सगळे भाग मूळचे आहेत म्हणून वरचढ किंमत लागते. मला ती फसवणूक वाटते, नक्षी कितीही सुंदर असो.

मिस्त्रींना या तत्त्वज्ञानात रस नव्हता. त्यांची एकच अट होती. नंबर आणि प्रूफच्या खुणांच्या आसपास काहीही करणार नाही. चाप ज्या पट्टीखाली असतो तिच्यावरचा क्रमांक अगदी पुसट झाला होता आणि मामाने निरागसपणे विचारलं होतं की हा पण जरा उजळून द्या ना. मिस्त्रींनी हात जोडले. कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचं नाव, नंबर, ओळखीची खूण पुसणं, बदलणं, खोटी करणं गुन्हा आहे, आणि परवान्यावर जो नंबर आहे त्यानेच ही बंदूक तुमची आहे. वेलीला हवं ते करा, आकड्याला हात नाही. तसंच नळीच्या बुडाखालच्या बर्मिंगहॅम प्रूफ हाउसच्या खुणांचं. १८१३ सालच्या कायद्याने स्थापन झालेल्या त्या संस्थेत नळीत जादा दारू भरून बार काढतात, फुटली नाही तर शिक्का मारतात. ती नक्षी नव्हे, सर्टिफिकेट आहे.

मामीचा प्रश्न अजून उरला होता. दुरुस्तच केली नाही तर? मोडकी बंदूक भिंतीला टांगू, परवाना कशाला? तसं होत नाही. कायद्यातली सूट मिळते ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या, निकामी हत्याराला. आमची एका घोड्यावाचून अडली होती आणि उजवी नळी तर ठणठणीत. म्हणजे परवाना सुटत नव्हताच. एक तर कायमची निकामी करून घ्यायची, नाही तर ठाण्यात जमा करायची, नाही तर दुरुस्त करायची. मामीला हे समजावल्यावर ती म्हणाली, मग दुरुस्तच करा, पण घरात पोरांच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात. त्या बाबतीत मी शंभर टक्के तिच्या बाजूचा.

शेवटी ठरलं ते असं. उजवा घोडा आहे तसा. डावा नवा, त्यावर उजव्याच्या ठशावरून तीच नक्षी, हात फिरलेला तेवढा मिस्त्रींचा स्वतःचा. मुद्दाम जुना केलेला नाही. आतल्या बाजूला, जी लॉकप्लेटकडे असते आणि स्क्रू काढल्याशिवाय दिसत नाही, तिथे मिस्त्रींनी बारीक छिन्नीने सालाचे चार आकडे कोरले. ही माझी सूचना होती, त्यांना ती पोरकट वाटली असावी, पण त्या कामाचे पैसे घेतले नाहीत. एकूण खर्च सांगत नाही, मामी हा ब्लॉग वाचते.

हातभर अंतरावरून दोन घोडे सारखे दिसतात. हातात घेतलंत तर डाव्याच्या चिरांच्या कडा बोटाला लागतात, उजव्याच्या लागत नाहीत.

२०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागल्यावर बंदूक नेहमीप्रमाणे ठाण्यात जमा झाली. मामाने पावतीचा फोटो पाठवला. मेक, बोअर, नंबर, आणि पुढे शेऱ्याच्या रकान्यात हवालदाराच्या अक्षरात: "घोडे दोन, नक्षीचे."